ठुशी सापडली, पण मावशींचं काय?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत राहते. वय ४३, नोकरी करते. घरी आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतली मुलगी. गेल्या दसऱ्याला पैठणी नेसताना लक्षात आलं की माझी सोन्याची ठुशी जागेवर नाही. कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्याचं मला लख्ख आठवत होतं. घर उलथंपालथं केलं, सापडली नाही. बाहेरचं माणूस म्हणजे फक्त कामाच्या मावशी. सहा वर्षं आमच्याकडे भांडी, केर-फरशी करत होत्या. विचारल्यावर त्यांचा चेहरा एकदम पडला, बोलताना अडखळायला लागल्या. सासूबाईंनी गावच्या पद्धतीने तांदूळ मंतरून खायला दिले. मावशींना ते गिळता येईनात. माझी खात्रीच पटली.

त्या रात्री मी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या फोटोसकट लिहिलं. रागाच्या भरात हेही लिहिलं की याआधीही आमच्या घरातून शंभर-दोनशे रुपये जायचे. तसं कधी झालं नव्हतं, पण त्या क्षणी वाटलं की झालं असेल. समितीने गेटवरच्या ॲपमध्ये त्यांचा प्रवेश बंद केला. आमच्याच सोसायटीतली त्यांची पाचही घरं सुटली. आम्ही पोलिस चौकीत अर्ज दिला. तिथे त्यांना दोनदा बोलावलं, पुढे काही झालं नाही. त्या महिन्याचा पगारही आम्ही दिला नाही.

या गौरींना मुलीने मुखवट्यांचा डबा उघडला, तर मुखवट्याच्या गळ्याभोवती गुंडाळलेल्या कापसात ठुशी! मागच्या वर्षी गौरीला घातली होती आणि उतरवायची राहिली. डबा मीच बांधला होता.

सासूबाई म्हणतात, लक्ष्मी परत आली, अभिषेक करू. हे म्हणतात, जुनी गोष्ट झाली, मावशींना गुपचूप दहा हजार देऊ आणि कामावर परत बोलावू. गाजावाजा केला तर सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, वर त्यांनी केस टाकली तर? ऐकलंय की त्या हल्ली स्टेशनपलीकडे एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात. मुलगी रोज एकच विचारते, "आई, मग मावशींचं काय?" मला झोप लागत नाही. काय करू? आधी कुणाला सांगू?

एक वाचक, डोंबिवली

*

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्नच खरा आहे. तुमच्या घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी तो कुणी विचारला नाही, म्हणून तिला तो रोज विचारावा लागतोय.

तुम्ही हे पत्र लिहिलंत याची मला कदर आहे. ठुशी हळूच लॉकरमध्ये टाकून गप्प बसणं सोपं होतं, आणि तसं करणारी घरं मी पाहिली आहेत. त्यामुळे मी जे लिहिते आहे ते तुम्हाला धीर आहे असं धरूनच लिहिते आहे. थोडं कडक वाटेल.

तुमच्याकडून दोन गोष्टी घडल्या आणि पत्रात तुम्ही त्या एकाच दमात सांगितल्यात. त्या आधी वेगळ्या करू. ठुशी डब्यात गेली हे विसरणं ही चूक. मावशींवर संशय घेणंसुद्धा, फार चुकीचं असलं तरी, चुकीच्याच खात्यात जाईल. पण "याआधीही शंभर-दोनशे रुपये जायचे" हे वाक्य चूक नाही. ते खोटं आहे. तुम्ही ते लिहिलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं की तसं कधी झालेलं नाही. ठुशीबद्दल वाचणाऱ्याला शंका घेता आली असती, दागिने इकडेतिकडे होतात हे प्रत्येकीला ठाऊक असतं. पण "याआधीही" हा शब्द आला आणि शंकेला जागाच उरली नाही. पाच घरं सुटली ती ठुशीपेक्षा या एका वाक्यामुळे सुटली असावीत, असं मला वाटतं. मावशींशी बोलताना या वाक्यावर पांघरूण घालू नका. त्यांच्या मनात ते ठुशीपेक्षा खोल रुतलेलं असणार.

आता त्या तांदळांबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागली ती ही जागा, म्हणून इथे जरा थांबते. सहा वर्षं ज्या घरात काम केलं त्या घराच्या ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या तळहातावर चिमूटभर कोरडे तांदूळ ठेवले, समोर तिघं टक लावून बघतायत, आणि तिने ते चावून गिळायचे. माणूस घाबरला की तोंडाला कोरड पडते. लाळ सुटत नाही, घास घशाखाली उतरत नाही. तांदूळ मंतरण्याची ही रीत पूर्वीपासून याच गोष्टीवर चालत आली आहे. चोराचं तोंड कोरडं पडेल, हा त्यातला हिशेब. पण ज्याच्यावर आळ आलाय आणि ज्याची पाच घरांची भाकरी त्यावर टांगली आहे, त्या निर्दोष माणसाचं तोंड ओलं राहील हे कुणी सांगितलं? भीती दोघांनाही सारखीच कोरडं करते. मराठेशाहीत न्यायनिवाड्यात दिव्यं करायला लावत, रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि हाताला इजा झाली की नाही यावर खरंखोटं ठरवायचं. ते वाचून आज आपल्या अंगावर काटा येतो. तुमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी झालं ते त्याच जातीचं होतं.

आणि तो "पडलेला चेहरा". चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर झालेले ढीगभर प्रयोग एकत्र करून २००६ साली हिशेब मांडला. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्यात माणसं शंभरातून सरासरी ५४ वेळा बरोबर येतात. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येईल. तुमची जी खात्री होती तिचा आधार एवढाच. तुमच्या जागी मी असते तर माझ्याही खात्रीचा आधार एवढाच असता.

ड्रॉवरमध्ये ठेवल्याचं तुम्हाला लख्ख आठवत होतं, यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. तुम्ही ती वर्षानुवर्षं तिथेच ठेवत असणार. आठवण त्या सगळ्या दिवसांमधून उचललेली होती, फक्त त्या एका दिवसाची नव्हती. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन संशोधक बाईंचा १९७४ चा एक प्रयोग आहे. लोकांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि नंतर वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा किती होता. चित्रफीत तीच, पण "आदळल्या" ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. चित्रफितीत काचा फुटलेल्याच नव्हत्या.

तुमच्या घरात त्या सकाळी कधीतरी "ठुशी सापडत नाहीये" याचं "ठुशी चोरीला गेली" झालं. आठवून बघा, ते वाक्य पहिल्यांदा कुणी उच्चारलं. त्या क्षणापासून ठुशीचा शोध संपला आणि माणसाचा सुरू झाला. गौरी-गणपतीचा पसारा माळ्यावर होता, महिनाभरापूर्वीच तुम्ही ठुशी गौरीला घातली होती, घरात कुणीतरी गौरीचे फोटोही काढले असतील. तो एक फोटो कुणी उघडून बघितला असता तर हे सगळं टळलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे त्या वळशात एका बाईचं गाव सुटलं.

आता एक माझ्या घरातलं सांगते, कारण पुढचा सल्ला तिथूनच आला आहे. माझे वडील तालुक्याच्या गावी एका पतपेढीत रोखपाल होते. एका संध्याकाळी रोकड कमी भरली. वडिलांना घरी बसवलं. आठ महिन्यांनी हिशेबतपासणीत निघालं की एकच रक्कम दोनदा नावे पडली होती, पैसा कुठे गेलाच नव्हता. त्यांना कामावर परत घेतलं आणि पत्र दिलं, "आपणावरील आरोप सिद्ध होऊ शकले नाहीत." खोटे होते असं लिहिलं नाही, सिद्ध होऊ शकले नाहीत असं लिहिलं. तेही बंद पाकिटात. आरोप झाला तेव्हा तो बाजारपेठेत दुकानादुकानातून फिरला होता, पाकीट मात्र फक्त आमच्या ट्रंकेत आलं. वडिलांनी संध्याकाळी पारावर बसणं सोडलं ते कायमचं. वाण्याच्या दुकानात सुटे पैसे परत घेताना ते तीनदा मोजायचे, आणि मोजताना हात वर धरायचे, सगळ्यांना दिसतील असे. मी सोबत असायची. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

म्हणून तुमच्या यजमानांचा गुपचूप दहा हजारांचा मार्ग मला मुळीच मान्य नाही. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण मावशींचे पैसे बुडाले ही अर्धीच गोष्ट झाली. आळ चारचौघांत घेतला गेला, तो उतरायचाही चारचौघांतच. तुम्ही ज्या ज्या ठिकाणी आरोप केलात त्या प्रत्येक ठिकाणी तो तुमच्याच तोंडाने, तुमच्याच नावाने मागे घ्यायला हवा. तीन ठिकाणं आहेत: मावशी स्वतः, सोसायटी आणि पोलिस चौकी.

आधी मावशी. त्यांच्या घरी जा. पोळी-भाजी केंद्रात चुकूनही जाऊ नका. तिथल्या मालकिणीला हे प्रकरण माहीत नसेल, आणि तुम्ही डोळे पुसत तिथे उभ्या राहिलात तर त्यांचं हेही काम जाईल. निरोप पाठवून त्यांना तुमच्याकडे बोलावूही नका, ज्या ओट्यापाशी ते तांदूळ खायला लावले तिथे त्यांनी परत का यावं? पत्ता तुमच्याकडे असेल, चौकीतल्या अर्जात तुम्हीच लिहिला असेल.

एकट्या जा. मुलीला सोबत नेण्याचा मोह होईल, डबा तिने उघडला, प्रश्न तिचा आहे. तरी नेऊ नका. मावशींनी तिला दुसरीपासून बघितलं आहे. पोरीसमोर त्यांना तुमच्यावर ओरडता येणार नाही, आणि ओरडण्याचा त्यांचा हक्क आहे. मुलीला जाण्याआधी सगळं सांगा, ग्रुपवर काय लिहिणार तेही वाचायला द्या. ती एखादा शब्द बदलायला सांगेल, तर ऐका.

जाताना कागदावर लिहिलेला मजकूर न्या. तो मावशींना वाचून दाखवा आणि नाव घालू की नको, एवढं विचारा. काहींना वाटतं, नावासकट बदनामी केली तर नावासकटच मागे घ्या. काहींना आपलं नाव पुन्हा त्या ग्रुपवर नकोच असतं. हे त्या ठरवतील. मी मजकूर साधारण असा लिहीन:

"मागच्या दसऱ्याला मी या ग्रुपवर लिहिलं होतं की आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी माझी ठुशी चोरली. हे खोटं होतं. ठुशी आमच्याच घरी गौरीच्या मुखवट्याच्या डब्यात होती आणि तो डबा मीच बांधला होता. याआधीही घरातून पैसे जात होते असंही मी लिहिलं होतं. तसं कधीच घडलं नव्हतं, ते मी मनाने लिहिलं. सहा वर्षांत त्यांनी आमच्या घरातल्या कशालाही हात लावला नाही. माझ्या लिहिण्यामुळे त्यांची पाच घरांची कामं गेली. समितीने त्यांचा प्रवेश आजच्या आज सुरू करावा. ज्यांनी माझा जुना मेसेज पुढे पाठवला असेल त्यांनी हाही पाठवावा."

यात "गैरसमज" हा शब्द येऊ देऊ नका. "गैरसमज झाला" म्हटलं की तो जणू आपोआप झाला, कुणी केला नाही. "घाईगडबडीत" नको, "मनस्ताप झाला असल्यास दिलगीर" तर नकोच. झाला असल्यास कशाला, झालाच आहे. आणि सासूबाईंनी काय केलं, समितीने चौकशी न करता प्रवेश का बंद केला, हे या मजकुरात आणू नका. खरं असलं तरी ही ती जागा नव्हे.

मावशी रडतील, चिडतील, दार लावून घेतील किंवा "जाऊ द्या ताई, झालं ते झालं" म्हणतील. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या घरी काम केलेली बाई समोरच्या मालकिणीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनही तसं म्हणते, सवयीने. ते ऐकून तुम्हाला हायसं वाटेल, आणि तिथेच थांबावंसं वाटेल. थांबू नका. त्यांनी माफ केलं तरी ग्रुपवरचा मजकूर त्याच संध्याकाळी गेला पाहिजे. आणि "मला माफ करा" असा आग्रह धरू नका. त्यांच्याकडून आणखी काही मागायला तुम्ही तिथे जात नाही आहात. कामावर परत येण्याचं तर त्या दिवशी बोलूच नका. त्यांना हवं असेल तर त्या पुढे कधी विचारतील.

याच मजकुराची सही केलेली एक प्रत त्यांच्या हाती द्या, तारीख आणि फ्लॅट नंबर घालून. उद्या कुठे काम मागायला गेल्या आणि "तुमचं ते चोरीचं काय झालं होतं" असं कुणी विचारलं, तर दाखवायला त्यांच्याकडे कागद हवा. माझ्या वडिलांकडे तसा कागद असता तर आईने तो चौकटीत लावून ओसरीवर टांगला असता.

पैसे पहिल्या भेटीत देऊ नका. माफी आणि पाकीट एकदम समोर आलं की माफी विकत घेतल्यासारखी होते. ग्रुपवर मजकूर गेला, दोन दिवस गेले, की मग पैशांचं बोला. अडवून ठेवलेला त्या महिन्याचा पगार आणि बुडालेला दिवाळीचा बोनस हे तर सरळ सरळ त्यांचेच पैसे आहेत, त्याला भरपाई म्हणता येत नाही. भरपाई त्यापुढे सुरू होते. दसरा ते गौरी अकरा महिने झाले. पाच घरांचे मिळून महिन्याला काय मिळत होतं, मध्ये किती दिवस काम नव्हतं, आता किती मिळतं, हे त्यांना विचारा आणि त्यांच्यासमोर बसून हिशेब करा. तो आकडा दहा हजारांच्या बराच वर जाईल. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि तेही लिहून द्या. या पैशांना "मदत" म्हणू नका. देणं आहे ते. सासूबाईंच्या अभिषेकाचा खर्च मी आधी या हिशेबात धरेन, देवीची त्याला हरकत असेल असं मला वाटत नाही.

आता तुमची भीती: त्यांनी केस टाकली तर? खरं सांगते, टाकू शकतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे आणि तिच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. पोलिसांकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला या कलमात संरक्षण आहे. सोसायटीचा ग्रुप म्हणजे पोलिस नव्हे. शेजाऱ्यांना सावध करण्यासाठी लिहिलं असा बचाव घेता येतो, पण तोही सद्भावना असेल तरच टिकतो, आणि कायद्यात सद्भावनेचा अर्थ "मनात वाईट नव्हतं" एवढाच नाही. पुरेशी काळजी न घेता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची धरत नाही. माळ्यावरचा डबा न उघडता लिहिलेला मजकूर त्यात कितपत बसेल? आणि ते शंभर-दोनशेचं वाक्य तर कुठल्याच बचावात बसणार नाही. जाणूनबुजून खोटी माहिती पोलिसांना देणं हा वेगळा गुन्हा आहे. ठुशी खरोखर चोरीला गेली असं तुम्हाला वाटत होतं, त्यामुळे तेवढ्यापुरती काळजी कमी. पण पैसे जाण्याचं ते वाक्य चौकीतल्या अर्जातही असेल, तर तिथे जाण्याआधी एखाद्या वकिलाला अर्जाची प्रत दाखवा.

वकील कदाचित सांगेल, लेखी काही कबूल करू नका. त्याचं काम तुम्हाला वाचवणं आहे, तो ते करेल. मी मात्र म्हणेन, लिहून द्या. हा धोका तुम्ही पत्करायचा आहे. अकरा महिने सगळा धोका एकट्या मावशींनी पत्करला.

चौकीत जाऊन दुसरा अर्ज द्या: अमुक तारखेच्या अर्जातली वस्तू आमच्याच घरात मिळाली, संबंधित महिलेविरुद्ध आमची कोणतीही तक्रार नाही व नव्हती असं समजावं. पोच घ्या, शिक्क्यासह, आणि तिची प्रत मावशींना द्या. गुन्हा नोंदवला गेला होता का हेही तिथेच विचारून घ्या. नोंदवला असेल तर पोलिसांना तपास संपवून न्यायालयात अहवाल पाठवावा लागतो. आपल्याकडे त्याला समरी म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही ती "अ", तक्रारच खोटी ती "ब", आणि समजुतीच्या चुकीने दाखल झालेली "क". तुमचं प्रकरण "क" मध्ये जायला हवं. नुसताच अर्ज असेल तर एवढं काही नाही, पण तो तसाच कपाटात पडून राहू देऊ नका. उद्या दुसऱ्या एखाद्या सोसायटीने कामाच्या बायकांची चारित्र्य पडताळणी मागितली, तर तिथे कुणाला तरी तो जुना कागद आठवायला नको.

सोसायटीच्या समितीलाही लेखी द्या. ग्रुपवरचा मजकूर दोन दिवसांत शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जाईल, ॲपमधली ती नोंद तशीच राहील. ती काढल्याचं उत्तर लेखी मागा. पुढच्या सभेत उभं राहून बोलता आलं तर अवश्य बोला. तुम्हाला वाटतंय तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कदाचित काही महिने खरंच अवघड जातील, लिफ्टमध्ये बोलणं थांबेल, मी खोटी आशा दाखवत नाही. पण मला असंही वाटतं की तुमच्या इमारतीतल्या दोन-तीन घरांत, तुमचं ऐकून, कधीकाळी हरवलेल्या कशाची तरी आठवण निघेल आणि कुणीतरी माळ्यावर चढेल.

एक मोठी गोष्ट थोडक्यात सांगते. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आला, नोंदणी आणि योजना आल्या. बायकांनी हे झगडून मिळवलं. तरीही आज एका घराने आळ घेतला की पाच घरं एका रात्रीत बंद होतात आणि त्यांची बाजू ऐकून घेणारं कुणीच नसतं. तुम्ही नोकरी करता. तुमच्यावर ऑफिसात आरोप झाला तर निदान नोटीस येईल, चौकशी होईल, उत्तर द्यायला मुदत मिळेल. मावशींना मुदत मिळाली ती तांदूळ चघळण्यापुरती. समितीला लिहाल तेव्हा एवढं एक मागा, की यापुढे कुठल्याही कामगाराचा प्रवेश एका घराच्या सांगण्यावरून, त्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय बंद करू नये. तुमच्या तोंडून ही मागणी आली तर तिला वजन येईल.

यजमानांशी आणि सासूबाईंशी वाद घालत बसू नका. त्यांना पटेपर्यंत थांबलात तर पुढचा दसरा उजाडेल. ग्रुपवर नाव तुमचं होतं, त्यामुळे निर्णयही तुमचा. सासूबाईंना एवढंच सांगा की मी मावशींकडे जाते आहे, तुम्हाला त्यांना काही सांगायचं असेल तर सांगा. म्हातारी माणसं कधीकधी आपल्याला चकित करतात.

आणि तुम्ही विचारलंत, आधी कुणाला सांगू? मावशींना. याच आठवड्यात, संध्याकाळी दिवेलागणीनंतर, त्या घरी असतील तेव्हा. रिकाम्या हाताने जा, मिठाई वगैरे नको. आत बोलावण्याची वाट बघू नका, दारातच सांगा: "ठुशी सापडली. आमच्याच डब्यात होती." बसायला सांगितलं, तर मग चप्पल काढा.